चोराच्या मनात चांदणं?

काय दोस्तांनो, तुमच्या घरी कुत्रा आहे का? नसला तरी शेजारी असेल, आणि गल्लीच्या कोपऱ्यावर तर नक्कीच असेल. मग मला सांगा, तो पुस्तकातल्या कुत्र्यासारखा वागतो का? 'माझा आवडता प्राणी' या निबंधात आपण सगळे तेच लिहितो. 'कुत्रा हा इमानी प्राणी आहे. त्याला चार पाय असतात. तो घराची राखण करतो.' झाला निबंध! पण खऱ्या कुत्र्याबरोबर राहून बघा. प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

आमच्या बंड्याचंच घ्या ना. बंड्या अस्सल गावठी. रंग तांबूस, एक कान उभा, एक पडलेला. एका पावसाळ्यात भिजत येऊन पायरीवर बसला आणि आमचाच झाला. त्याला चपलेचा भारी नाद. बाबा कामावर गेले की त्यांची घरातली एक चप्पल तोंडात धरायची आणि थेट कॉटखाली जायचं. चावायची नाही, फाडायची नाही. नुसती तिच्यावर हनुवटी टेकून झोपायचं. संध्याकाळी बाबा आले की चप्पल तिथंच टाकून उड्या! आजी म्हणायची, "चक्रमच आहे मेला!"

पण चक्रम नव्हता हं तो. वास टिपणाऱ्या पेशी आपल्या नाकात असतात काही लाख, आणि कुत्र्याच्या नाकात काही कोटी. आपण फोटो बघून आठवण काढतो, कुत्रा वास घेऊन काढतो. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या ग्रेगरी बर्न्स यांनी तर कुत्र्यांना मेंदूची छबी काढणाऱ्या यंत्रात न हलता पडून राहायला शिकवलं आणि त्यांना वेगवेगळे वास दिले. अनोळखी माणसाचा, ओळखीच्या माणसाचा, दुसऱ्या कुत्र्याचा, असे. काहीतरी छान मिळणार असं वाटलं की मेंदूचा एक भाग जागा होतो. तो सगळ्यात जास्त जागा झाला घरच्या माणसाच्या वासानं! हा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. म्हणजे बंड्या कॉटखाली चप्पल घेऊन बसायचा तेव्हा जणू बाबांनाच जवळ घेऊन बसायचा.

दुसरी तऱ्हा फटाक्यांची. एरवी हा पठ्ठ्या म्हशीवरसुद्धा भुंकायचा. पण दिवाळीत साधी लवंगी वाजली की धूम ठोकून मोरीत जाऊन बसायचा. आम्हा मुलांना वाटायचं, काय भित्रा आहे! पण माणसाचा कान फार तर सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचे आवाज ऐकतो, आणि कुत्र्याचा सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंतचे. इतक्या तिखट कानाशेजारी 'धडाम्' झालं, आणि ते कुठून आलं, पुन्हा कधी येणार हे कळेना, तर तुम्ही काय कराल? अशा वेळी त्याला ओढून बाहेर काढू नका. दारं-खिडक्या लावा, लपतोय तिथं लपू द्या, आणि तो जवळ आला तर खुशाल थोपटा. थोपटल्यानं कुत्रा भित्रा होतो हा गैरसमज आहे बरं का.

आता तिसरी गोष्ट. ही मात्र गमतीची नाही.

एका दुपारी आजी स्वयंपाकघरात गेली तर दुधाचं पातेलं उपडं! फरशीभर दूध. "हे कुणी केलं?" आजी कडाडली. दारात बंड्या. कान मागं, शेपूट पायांत, मान वळवलेली, एक पाय वर धरलेला. आजी म्हणाली, "बघा, बघा याचं तोंड! चोराच्या मनात चांदणं!" झालं. पुरावा नाही, साक्षीदार नाही, चेहऱ्यावरूनच निकाल. बंड्याला परसात पेरूच्या झाडाला बांधलं. त्या रात्री त्यानं भाकरीला तोंड लावलं नाही. "याला लांब सोडून या कुठंतरी," असंही घरात बोलणं सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा दूध सांडलं. बंड्या तर झाडाला बांधलेला! मग आईनं नीट पाहिलं. ओट्यावर दुधाच्या पावलांचे छोटे छोटे ठसे, आणि ते चालले होते खिडकीकडे. शेजारचा बोका! आजी तडक परसात गेली आणि तिनं स्वतः दोरी सोडली. "चल बाबा, तुझ्यावर उगीच आळ घेतला," म्हणाली, आणि वाटीभर दुधात भाकरी कुस्करून त्याच्यापुढं ठेवली.

मग बंड्याचा चेहरा चोरासारखा का झाला होता? न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांना हाच प्रश्न पडला होता. त्यांनी 14 पाळीव कुत्री घेतली. मालकानं खाऊ ठेवायचा, 'खायचा नाही' म्हणून बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर मालकाला कधी खरं सांगायचं, कधी खोटं. म्हणजे काही कुत्र्यांनी खाऊला तोंडही लावलेलं नसताना ती बोलणी खायची! 2009 साली निष्कर्ष छापून आले. 'अपराधी' चेहऱ्याचा आणि खाऊ खाल्ल्याचा काही संबंधच निघाला नाही. संबंध होता तो मालकाच्या रागावण्याशी. उलट, निरपराध असून बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांचे चेहरे जास्तच अपराधी दिसले.

म्हणजे तो चेहरा 'मी चुकलो' असं सांगत नसतो. तो सांगत असतो, 'तू रागावलायस, मला भीती वाटतेय, नको ना रागावू.' आजीचा चढलेला आवाज बंड्यानं बरोबर वाचला होता. बंड्याचं तोंड मात्र कुणाला वाचता आलं नव्हतं.

कुत्र्याची भाषा अशी सगळ्या अंगाची असते. माझी धाकटी बहीण बंड्याच्या गळ्यात पडायची तेव्हा तो जांभई द्यायचा, नाक चाटायचा, तोंड फिरवायचा. आम्ही म्हणायचो, झोप आली वाटतं. झोप कसली! 'आता पुरे' असं तो सभ्यपणे सांगत होता. ते कुणी ऐकलं नाही तर कुत्रा गुरगुरतो. गुरगुरणं हीसुद्धा सूचनाच. त्याबद्दल त्याला मारलं तर तो सूचना देणं सोडून देईल आणि पुढच्या वेळी एकदम चावेल. म्हणून कुत्रा जेवत असताना, झोपला असताना किंवा पिल्लांजवळ असताना त्याला हात लावायचा नाही. अनोळखी कुत्र्याला तर मुळीच नाही.

आणि एवढं करूनही कुत्रा चावला किंवा नुसतं ओरखडलं, तरी आई-बाबा रागावतील म्हणून लपवून ठेवू नका हं. जखम नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीज एकदा झाला की त्यातून वाचणं जवळजवळ अशक्य, पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो. पालकांनो, तुम्हीही एक करा. मुलानं असं काही सांगितलं तर आधी जखम बघा, रागवायचं ते नंतर. घरच्या कुत्र्यालाही दरवर्षी लस टोचून घ्यायला विसरू नका.

आता या आठवड्याचा उद्योग. एक छोटी वही घ्या आणि घरच्या किंवा गल्लीतल्या एका कुत्र्याकडे आठ दिवस लक्ष ठेवा, तेही लांबून. किती वाजता काय घडलं? तेव्हा कान कसे होते, शेपूट कुठं होती, तोंड उघडं होतं की मिटलेलं? 'रागावला', 'लाजला', 'चोरासारखा दिसला' असलं काही लिहायचं नाही. फक्त जे दिसलं तेच लिहायचं. आठव्या दिवशी सगळं एकदम वाचून काढा.

मग निबंध लिहायला बसाल तेव्हा पहिलं वाक्य 'कुत्र्याला चार पाय असतात' हे नसणार. लावता पैज?