ऐकणाऱ्याचें ऐकणार कोण?

शाळेच्या वार्षिक अंकांत शिक्षकानें लिहावयाचें म्हणजे उपदेश करावयाचा, असा एक प्रघात पडून गेला आहे. यंदा तो मोडून उपदेशाविषयींच चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे. विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या आईबापांनीं ते एकत्र बसून वाचावे, एवढीच विनंति.

मूल अबोल झालें, अभ्यासांत मागें पडलें, विनाकारण रागावूं लागलें, म्हणजे आपण वडील माणसें काय करितों? त्यास समोर बसवितों आणि चार गोष्टी सांगतों. त्या गोष्टी बहुधा खऱ्या असतात. मूल मान हालवितें, उठून जातें, आणि त्याच्या मनांतलें मनांतच राहतें. आपण मात्र कर्तव्य बजावल्याच्या समाधानांत असतों. हल्लीं ज्यास समुपदेशन म्हणतात तें हें नव्हे. त्या शब्दांत उपदेश आहे खरा. परंतु त्या कामाचा आरंभ ऐकण्यापासून होतो. आणि आमचें म्हणणें असें आहे कीं, ऐकणें हें एकट्यानें उचलण्याजोगें ओझें नाहीं.

प्रथम आमचाच एक दोष कबूल करितों. मुलाची ओळख पटूं नये म्हणून कांहीं तपशील बदलले आहेत. कित्येक वर्षांपूर्वी आमच्या वर्गांत गाडीनें ये-जा करणारा एक मुलगा होता. पहिल्या तासास तो वारंवार उशिरां येई. गाडी वेळेवर आल्याचें आम्हांस ठाऊक असे. कारण बडनेऱ्यासारख्या जंक्शनावर राहणाऱ्यास घड्याळापेक्षां गाडीची शिटी अधिक ओळखीची असते. तेव्हां आम्हीं त्यास वर्गासमोर उभें करून वेळेचें महत्त्व समजावून दिलें. एकदां नव्हे, तीनदां दिलें. चवथ्या दिवशीं तो उशिरां आला नाहीं. तो आलाच नाहीं.

आठवड्यानें तो परतला. त्या दिवशीं चित्रकलेच्या बाईंनीं साऱ्या वर्गास एकच विषय दिला: घरापासून शाळेपर्यंतची माझी वाट. कोणीं मारुतीचें देऊळ काढलें, कोणीं संत्र्यांनीं भरलेली गाडी काढली. या मुलाच्या कागदावर स्टेशन होतें, पूल होता, आणि बांकावर बसलेली एक लहानशी आकृति होती. "हा कोण?" असें बाईंनीं विचारलें नाहीं. "हा येथें किती वेळ बसतो?" एवढेंच विचारलें. "जावें कीं परत फिरावें हें ठरेपर्यंत," मुलगा म्हणाला. मग थोडें थोडें करून सारें बाहेर आलें. घरीं कपाशी बुडाली होती. बाप रात्र रात्र जागा राही. आपण घराबाहेर असतांना कांहीं भलतें होईल, या भीतीनें मुलाचे पाय स्टेशनांतून निघत नसत. वेळेचें महत्त्व आम्हीं तीनदां शिकविलें होतें. तें त्यास आमच्याहून अधिक कळत होतें.

जें आमच्या जिभेस साधलें नाहीं तें एका कोऱ्या कागदास साधलें. यांत नवल नाहीं. दुःख सरळ विचारल्यास लपून बसतें. चित्र, गोष्ट, नाटुकलें किंवा पत्र यांच्या आडोशानें तें बाहेर येतें. शास्त्रांत याचे दाखले आहेत. दावीद राजानें घोर अपराध केला तेव्हां नाथान संदेष्ट्यानें आरंभींच दोष न लावितां गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली आणि न्याय राजाच्याच तोंडून वदविला. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याजपाशीं जमिनीवर निमूट बसले होते, तोंवर ते खरे मित्र होते. बोलूं लागले आणि चुकले.

आमच्या वऱ्हाडास तर ही रीत घरचीच आहे. याच अमरावती जिल्ह्यांत शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेले आणि १९५६ सालीं वलगांवाजवळ देह ठेवलेले श्री गाडगे महाराज कीर्तनांत प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडून घेत. कर्ज काढून सण करावा काय, दारू प्यावी काय, याचा निकाल शेतकरी स्वतःच्या तोंडानें देई. म्हणून तो त्याच्यासोबत घरींही जाई. आम्ही ख्रिस्ती आहों, तरी ज्यापासून शिकावें त्यापासून शिकण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

आतां कोणी म्हणेल, हीं भाबडीं उदाहरणें झालीं; यांत शास्त्रीय असें काय आहे? त्यासही उत्तर आपल्याच जिल्ह्यांत आहे. १९९६ सालीं गोव्यांत स्थापन झालेल्या 'संगथ' या संस्थेनें विदर्भांत 'विश्राम' नांवाचा उपक्रम चालविला. अमरावती जिल्ह्यांतील ३० खेड्यांत सामान्य शिक्षणाच्या माणसांस तयार करून त्यांच्याकडून मनाच्या खिन्नतेविषयीं लोकांशीं बोलणें व त्यांस धीर देणें सुरू झालें. अवघड प्रसंगीं पाठीशीं मनोविकारतज्ज्ञ असत. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें, आरंभीं अशा विकारानें ग्रासलेल्यांपैकीं अवघे ४.३ टक्के लोक मदत घेत होते. अठरा महिन्यांनंतरच्या पाहणींत तें प्रमाण २७.२ टक्के आढळलें. जें दुःख दारें लावून घरांत बसलें होतें त्यास ओटीवर येण्यास वाट मिळाली, एवढा याचा अर्थ.

शाळांपुरतें पाहिलें तर बिहारच्या नालंदा जिल्ह्यांत २०१५-१६ या वर्षीं 'सेहेर' नांवाचा प्रयोग झाला. त्यांतील साधनें अगदीं साधीं होतीं: मुलांनीं आपली अडचण लिहून टाकावी अशी पेटी, मुलांनींच सजविलेलें भित्तिपत्रक, स्पर्धा, मुलांचे गट, आणि ज्यास हवें त्याशीं एकांतांत बोलणें. ७४ शाळांच्या तुलनेंत असें दिसून आलें कीं, जेथें हें काम यासाठींच नेमलेल्या, बाहेरून आलेल्या सामान्य समुपदेशकानें केलें तेथें शाळेचें वातावरण स्पष्टपणें सुधारलें. मुलांची खिन्नता व आपसांतील दांडगाई कमी झाली. जेथें तेंच काम शिक्षकाकडे सोंपविलें तेथें मात्र फरक दिसला नाहीं.

हा निष्कर्ष आम्हां शिक्षकांस कडू लागतो. परंतु तो झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्याच्या हातीं गुणपत्रिका आहे त्याच्यापुढें मूल मन कसें उघडें करील? शिवाय सहा तास शिकवून, वह्या तपासून थकलेल्या माणसाचे कान तरी कितीसे उघडे राहणार? म्हणून शाळेंत स्वतंत्र समुपदेशक असावा हें आम्हांस सर्वथा मान्य आहे. सर्वोच्च न्यायालयानेंही जुलै २०२५ मध्यें शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनीं पात्र समुपदेशक नेमावा असें सांगितलें आहे. पण समुपदेशक आला म्हणजे शिक्षक सुटला असें होत नाहीं. मूल आपला क्षण आपण निवडतें. तें मधल्या सुटींत, फाटकापाशीं, वही देतां देतां बोलून जातें. आणि त्या वेळीं समोर बहुधा शिक्षकच असतो.

येथेंच आमच्या मथळ्यांतील प्रश्न उभा राहतो. त्या मुलाची कहाणी ऐकल्यावर आम्हांस रात्रभर झोंप आली नाहीं. दुसऱ्याच दिवशीं त्याच्या गांवीं जाऊन बापाची समजूत घालावी असें मनानें घेतलें. चित्रकलेच्या बाईंनीं आम्हांस थांबविलें आणि एका वयोवृद्ध सहकाऱ्याकडे नेलें. मुलाचें नांव न घेतां आम्ही तिघें बोललों. त्या गृहस्थांनीं एकच विचारलें: "मुलानें तुमच्यापाशीं काय मागितलें?" आम्हीं आठवून पाहिलें. त्यानें एवढेंच मागितलें होतें कीं, मला वर्गासमोर उभें करूं नका. आमची सारी धांवपळ स्वतःच्या मनाचा सल काढण्यासाठीं होती, हें तेव्हां उमगलें. पुढें मुलाच्या संमतीनें त्याच्या आईस बोलाविलें आणि वडिलांस सरकारी दवाखान्यांत दाखविण्यांत आलें. त्यानंतर सर्व सुरळीत झालें असें लिहिण्याचा मोह होतो. तसें झालें नाहीं. पुढल्या वर्षींही पीक बेताचेंच आलें. पण मुलगा पहिल्या तासास येऊं लागला.

ऐकणाऱ्यानें आपलें ऐकणें दुसऱ्यापुढें मांडावें आणि तपासून घ्यावें, यास पाळकीय देखरेख म्हणतां येईल. देखरेख म्हटलें कीं तपासनीस साहेबांची आठवण होते; ही देखरेख तशी नव्हे. गोव्यांतील त्याच संस्थेचे समुपदेशक, भेटीस आलेल्यांच्या संमतीनें ध्वनिमुद्रित केलेलें संभाषण गटांत ऐकत आणि परस्परांच्या कामास गुण देत. आरंभीं तज्ज्ञ मार्ग दाखवीत. पुढें गटाचें काम समुपदेशकांनींच चालविलें. कोणी साहेब नाहीं, कोणी आरोपी नाहीं. मोशे सकाळपासून सायंकाळपर्यंत एकटाच लोकांचीं गाऱ्हाणीं ऐकत बसला आहे हें पाहून त्याचा सासरा इथ्रो यानें काम वांटून घेण्यास सुचविलें, तीही देखरेखच होय. सासऱ्याचा सल्ला मोशेनें मानला, हा त्याचा मोठेपणा.

यावर आक्षेप दोन. पहिला असा कीं, मुलाची गोष्ट दुसऱ्या शिक्षकास सांगणें म्हणजे चहाडी नव्हे काय? नांव सांगून, चवीनें सांगितली तर ती चहाडीच. म्हणून नियम हवा: नांव गाळावें, गांव गाळावें, आणि जें बोललें गेलें तें त्या खोलींतच राहावें. याला अपवाद एकच. मुलाच्या जिवास धोका असेल किंवा कोणी त्याच्यावर अत्याचार करीत असेल, तर गुप्तता राखणें हा अपराध ठरतो. लैंगिक अत्याचाराची वर्दी देणें २०१२ च्या कायद्यानें बंधनकारकच आहे. हें मुलास आरंभींच सांगून ठेवावें, म्हणजे पुढें त्यास फसविल्यासारखें वाटणार नाहीं.

दुसरा आक्षेप वेळेचा. दहावीचा अभ्यासक्रम पुरा होतां होत नाहीं, तेथें चित्रें आणि गप्पा कोठें बसवाव्या? आमचें उत्तर असें कीं, त्या मुलाचे बुडालेले तास आम्हीं मोजले असते तर हा हिशेब निराळा दिसला असता. आम्ही फार मागत नाहीं. पंधरवड्यांतून एक तास शिक्षकांनीं परस्परांचें ऐकण्यासाठीं राखावा. एक पेटी असावी, एक भित्तिपत्रक असावें. आणि आमच्या शक्तीपलीकडचें असेल तें वेळीच जाणत्या डॉक्टरांकडे पाठवावें. 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आणि मुलांसाठीं असलेला १०९८ हा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या दारावर लिहिलेला असावा.

आईबापांस विनंति अशी कीं, मूल बोलूं लागलें म्हणजे पहिलीं पांच मिनिटें उत्तर देऊं नका. ऐकून मन जड झालें तर एकटे कुढूं नका. कोणापाशीं तरी बोला, आमच्यापाशीं बोला. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कोणी आज त्या बांकावर बसला असेल, तर बोलण्यास शब्द सांपडलेच पाहिजेत असें नाहीं. कागद आणि पेन्सिल घेऊन या. आम्ही आधीं पाहूं, मग ऐकूं. आणि वर्गासमोर उभें करणार नाहीं.