नुसत्या आयडियाला कोण विचारतो?

बारावीचा निकाल लागला की ‘गेम डिझायनर व्हा’ अशा जाहिरातींना ऊत येतो. जाहिरातीत डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवलेला हसरा मुलगा असतो, फीचा आकडा मात्र नसतो. तो समुपदेशनाच्या खोलीत कळतो. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये ॲनिमेशन-गेमिंगसाठी धोरण आणले, मुंबईत याच क्षेत्राचे शिक्षण देणारी आयआयसीटी ही संस्था सुरू झाली, त्यामुळे घरातला विरोधही मावळू लागला आहे. चांगलेच झाले. मात्र डिझायनर दिवसभर काय करतो, हे या गलक्यात कुणी सांगत नाही. महाराजांच्या गडकोटांवर भलामोठा ओपन वर्ल्ड गेम करायचा, आयडिया तयार आहे, फक्त कोडिंग करणारा कुणी हवा, असे सांगणारी मुले प्रत्येक कॉलेजात भेटतात. अशा आयडियांना बाजारात कवडीचीही किंमत नाही.

मग किंमत कशाला? १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची पहिली लेव्हल पाहा. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी या गेमच्या लेव्हल आलेखाच्या कागदावर आखल्या. मारिओ पडद्याच्या डाव्या अंगाला उभा, उजवीकडे मोकळी जागा, म्हणजे जायचे कुठे हे न सांगता कळते. समोरून एक किडूकमिडूक शत्रू येतो. त्याला धडकलात की मेलात, पण सुरुवातच असल्याने नुकसान चार-दोन सेकंदांचे. पुढच्या खेपेला उडी मारता. जरा पुढे ठोकळ्याला डोके आपटले की मशरूम बाहेर पडते, उजवीकडे सरकत जाते, पाइपवर आदळते आणि तुमच्याच अंगावर परत येते. घाबरून ते ओलांडायला जाल तर डोक्यावर ठोकळे, त्यामुळे बहुधा ते तुम्हाला लागतेच, आणि मारिओ मोठा होतो. सूचनेचा एक शब्द नाही, तरी खेळणाऱ्याला चार नियम पाठ. डिझायनर पगार घेतो तो या कामाचा. आपल्याकडे बहुतेक काम मोबाइल गेमचे, त्यामुळे त्याचा बराचसा दिवस एक्सेलमध्ये जातो: तलवार किती नाण्यांना द्यायची, सातव्या लेव्हलला लोक गेम का सोडतात, बक्षीस कितव्या मिनिटाला हाती पडावे. ज्याला हे रटाळ वाटते त्याने आर्ट किंवा प्रोग्रामिंगकडे वळावे, त्यात कमीपणा काही नाही.

शिकायचे तर घरातल्या सापशिडीपासून सुरुवात करता येते. तिच्यात खेळणाऱ्याला निर्णयच नसतो, फासा म्हणेल तसे जायचे. एकच नियम बदला: दोन फासे टाकायचे आणि त्यातला एक निवडायचा. मग भावंडांना खेळायला बसवा आणि आपण तोंडाला कुलूप लावा. ‘अरे, तिथे असं करायचं’ हे वाक्य ओठांवर आले की तिथे आपले डिझाइन फसले, असे वहीत लिहा. (हे मौन पाळणे फार अवघड असते.) हा कागदी खेळ जमला की गोडो हे मोफत इंजिन उतरवून घ्या आणि दहा मिनिटांत संपणारा गेम करा. तो पुरा करा, लोकांच्या हाती द्या. मुलाखतीत हाच उघडून दाखवायचा असतो. गडकोटांचा अर्धवट गेम दाखवून भागत नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ अनेकांना ठाऊक असतो. २०२० मध्ये तो आला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले. त्याआधी २०१७ मध्ये याच गेमसाठी लोकवर्गणीची मोहीम किकस्टार्टरवर फसली होती, हे जाहिरातवाले सांगत नाहीत. शिवाय तो काही अफाट गेम नव्हे, पाचेक तासांत संपतो. छोट्या चमूने आपला आवाका ओळखला म्हणून तो बाहेर तरी आला.

नोकरीची शाश्वती विचाराल तर नाही. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये गेमिंग विभागातल्या १९०० जणांना एकदम घरी पाठवले, आणि हात चालणाऱ्या अनुभवी माणसांवरही ही वेळ आली. पदवी सोडून केवळ गेमिंगच्या डिप्लोमावर विसंबू नये, असे आम्हाला वाटते ते याचसाठी. पहिली नोकरी क्यूएची, म्हणजे गेममधल्या चुका शोधायची, मिळाली तर नाक मुरडू नये. एकच दरवाजा दोनशेदा उघडून पाहणाऱ्याला गेम आतून कळतो.

तरीही क्लासला जायचेच असेल तर फीचा चेक लिहिण्याआधी समुपदेशकाला एक विनंती करावी: गेल्या वर्षीच्या मुलांनी पुरे केलेले तीन गेम या संगणकावर लावून द्या, मी इथेच बसून खेळतो. आणि शिकवणाऱ्या सरांच्या नावावर बाजारात आलेला एखादा असेल तर तोही. तिथे चहा आणि माहितीपुस्तिकाच पुढे आली, तर चहा पिऊन उठावे.