गावची खोली

आमचे पेठ म्हणजे सातगाव पठारावरचे बटाट्याचे गाव. सगळी भिस्त पावसावर. त्यामुळे घरटी एक माणूस मुंबईला, ही जुनी रीत. आंबेगाव-जुन्नरचे कुणी गिरणीत लागले, कुणी डबे पोचवू लागले. माझे आजोबा १९६८ साली लालबागला गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. उतरायचे कुठे, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही, कारण चाळीत गावची एक खोली होती.

खोली दहा बाय बाराची आणि माणसे सोळा. गिरणी तीन पाळ्यांत चाले, म्हणून खोलीही तीन पाळ्यांत झोपे. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी; जेवण खानावळवाल्या मावशींकडे. मावशी महिनाभर उधारीवर जेवू घालत, पण आमटी खारट झाली म्हटले की आठवडाभर बोलत नसत. हे जगणे सुखाचे होते असे मी म्हणणार नाही. सकाळच्या संडासाच्या रांगेविषयी आजोबांना एकदा विचारावेच! पण १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठलेली होती आणि गिरणीचा भोंगा खोलीत ऐकू येत होता. गरिबाला मुंबई परवडली ती या दोन गोष्टींमुळे.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. आजोबा ट्रंक घेऊन पेठला परतले. पुढे १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: एक मालकाला, एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची करायची असे ठरले, म्हणजे गिरणीच्या शेडखालची जमीन वाटणीतून सुटली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल मान्य केला. आज तिथे मॉल आणि टॉवर आहेत. चाळकरी कल्याण-विरारकडे पांगले.

कामगारांच्या घरांसाठी अर्ज आले दीड लाखांवर. २०१२ च्या सोडतीत घरे होती सात हजारांच्याही आत. आता शेलू-वांगणीची घरे पुढे केली जात आहेत. ती कल्याणच्याही पलीकडे, कर्जतच्या वाटेवर. याविरुद्ध जुलै २०२५ मध्ये म्हातारे कामगार आझाद मैदानावर बसले. "फुकटात मुंबई मागतात," असे आपल्याच वर्गात एकाने म्हटले. मला हे पटत नाही. ज्या घरातून कामावर जायला दोन तास लागतात ते स्वस्त कसे? त्या भागाला मोल आणले ते याच लोकांच्या घामाने, आणि त्यांचा वाटा कायद्यानेच एकदा लिहून ठेवला होता.

मात्र हे लिहिताना मला चाकण आठवते. तिथल्या कारखान्यांत मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहारमधून मुले येतात. माझ्या मामांनी तिथे बारा खोल्या बांधल्या आहेत. दिवाळीत एक परभणीचा मुलगा बॅग घेऊन दारात आला. मामांनी विचारले, "लग्न झालंय का? गाव कोणतं? खोलीत किती जण राहणार?" चौघे, असे तो म्हणाला. मामांनी त्याला परत पाठवले. चार जण राहिले की पाणी जास्त लागते, हे मामांचे म्हणणेही खोटे नाही. तो मुलगा बराच वेळ फाटकावरची पाटी वाचत उभा होता. 'खोल्या भाड्याने मिळतील. फक्त कुटुंबासाठी.' अक्षर चांगले म्हणून ती पाटी मामांनी माझ्याकडूनच रंगवून घेतली होती.