माझी बटणं हलवू नका

तर मंडळी, या शनिवारी भांडण काढायचंय. आणि तेही आपल्याच लोकांशी, म्हणजे तळवड्यापासून हिंजवडीपर्यंत दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या आपल्या जमातीशी.

आपल्यात एक वाक्य फार शहाणपणाचं समजलं जातं. "डिफॉल्ट सेटिंग ठेव रे, कशाला उगाच वेळ घालवतोस?" शॉर्टकट बदलणारा, पॅनेल इकडचं तिकडे करणारा माणूस म्हणजे रिकामटेकडा. मीही हेच म्हणायचो. मग मी दादाचा कॉम्प्युटर फॉरमॅट केला.

दादा आमच्या जुन्या चाळीतला. भोसरीत एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो. वाढदिवस, श्रद्धांजली, दुकानाचं उद्घाटन, भावी नगरसेवक... पैसे डिझाइनमागे मिळतात, तासामागे नाही. मशीन हळू झालंय म्हणाला, म्हणून एका रविवारी हौसेने गेलो. फोटो आणि फायली बाजूला काढल्या, सगळं पुसलं, फोटोशॉप नव्याने टाकलं. एकदम चकाचक. चहा पिऊन घरी आलो.

सोमवारी रात्री साडेअकराला फोन. "अरे इंजिनिअर, माझं एफ ६ कुठं गेलं?"

एफ ६ म्हणजे कापलेल्या चेहऱ्याभोवती पांढरी कड, मागे पिवळी झळाळी, खाली सावली. एका बटणात. फ्लेक्सच्या तळाशी शुभेच्छुकांचे पंचवीस चेहरे असतात ना, ते सगळे एका मापाचे आणि एका उजेडातले करायचे, ते एफ ८. सात वर्षांत एकेक करून त्याने हे अ‍ॅक्शन रेकॉर्ड केले होते. लेअर्सचं पॅनेल डावीकडे, कारण मॉनिटरचा उजवा कोपरा काळा पडलाय. हे सगळं सेटिंगच्या फोल्डरमध्ये होतं आणि माझ्या लेखी 'फायली' म्हणजे फक्त फोटो आणि पीएसडी! त्या रात्री तो तीनपर्यंत बसला, तरी दोन कामं शेजारच्या दुकानात गेलीच. ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाला, "मला एकदा विचारायचंस तरी."

आता सांगा, याला टाइमपास म्हणायचं?

चाकणच्या कुठल्याही बऱ्या कारखान्यात जा. भिंतीवर फळा असतो, त्यावर प्रत्येक पान्याचा, प्रत्येक पक्कडीचा आकार रंगवलेला. ज्याची त्याची जागा ठरलेली. जपान्यांच्या ५ एस मधलं हे दुसरं पाऊल, 'सेइतोन'. त्याची पोस्टरं लागतात, ऑडिट होतं. हातापासून पान्याचं अंतर कमी केलं की ती 'सुधारणा', आणि दादाने कर्सरपासून लेअरचं अंतर कमी केलं की तो चाळा? हा कुठला न्याय?

आणि हे डिफॉल्ट ठरवतं कोण? ते भोसरीत ठरत नाही एवढं नक्की. बरीच वर्षं फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी टाइप केलं की पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन बसायची, जोडाक्षरं सुटी व्हायची. पुढे प्रेफरन्सेसमध्ये 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' असा पर्याय आला. तो शोधून निवडायचा, फोटोशॉप बंद करून उघडायचं, नवीन फाइल घ्यायची, मग कुठे 'हार्दिक' नीट उमटायचं. अलीकडच्या आवृत्त्यांत हा त्रास गेलाय. पण तोवर डिफॉल्ट ठेवणाऱ्याला मराठी लिहिता येत नव्हतं, सरळ हिशेब आहे.

दुसरा किस्सा ऑक्टोबर २०१८ चा. त्याआधी फोटोशॉपमध्ये शिफ्ट दाबून ओढलं की फोटो प्रमाणात मोठा व्हायचा. नव्या आवृत्तीत बहुतेक लेअर न दाबताच प्रमाणात वाढायला लागले आणि शिफ्ट दाबलं की चेहरा चेपायला लागला. शेप लेअरला मात्र जुनाच नियम! जगभर बोंब झाली. जुनी सवय परत हवी असेल तर सुरुवातीला एका ठरावीक नावाची टेक्स्ट फाइल बनवून सेटिंगच्या फोल्डरमध्ये ठेवावी लागायची. साधा चौकोन टिक करायची सोय २०१९ मध्ये आली. (त्याच आवृत्तीत कंट्रोल-झेड एकामागून एक पायऱ्या मागे जायला लागलं, ते मात्र चांगलं झालं. उगाच खोटं कशाला बोला.)

गिम्पवाले लगेच कॉलर ताठ करतील. थांबा. २०१८ च्या २.१० मध्ये तुम्हीही गडद थीम आणि रंग उडालेले आयकॉन डिफॉल्ट केलेत, आणि २०२० मध्ये टूलबॉक्समधली हत्यारं गटात कोंबलीत. फरक एवढाच की दोन्ही प्रेफरन्सेसमधून परत फिरवता येतात, आणि शॉर्टकट साध्या टेक्स्ट फायलीत राहतात. माझं मागणं तेवढंच आहे. बदला हवं तर, पण परतीचा रस्ता पहिल्या दिवशी द्या.

"उद्या दुसरा माणूस मशीनवर बसला तर?" असं आमचा एक मित्र म्हणतो. अरे बाबा, वर्कस्पेस सेव्ह करता येतात, विंडो मेनूतून मूळचं वर्कस्पेस दोन क्लिकमध्ये परत येतं. दुसऱ्या माणसाची सोय आधीच आहे. पहिल्याचं काय ते बोल.

खरं म्हणजे बोलायची सोय मलाही नाही. आमच्या टीमने मागे एका तपासणीच्या स्क्रीनवरचं 'सेव्ह' उजवीकडून डावीकडे नेलं, दिसायला बरं म्हणून. लाइनवरच्या लोकांना कोणीच विचारलं नाही. त्या मीटिंगला मी होतो आणि मान डोलावली होती.

असो. पुढच्या रविवारी परत भोसरीला गेलो. अ‍ॅक्शन, शॉर्टकट, वर्कस्पेस, जेवढं दादाने पुन्हा जमवलं होतं तेवढं एक्स्पोर्ट करून पेन ड्राइव्हवर घेतलं. सगळं मिळून एका फोटोएवढंही भरलं नाही. दादाने त्यावर पांढरी पट्टी चिकटवली, मार्करने काहीतरी लिहिलं आणि ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. काय लिहिलं ते नंतर वाचलं: "इंजिनिअरला देऊ नये."

:)