मासा परत सोडला म्हणजे गुन्हा सुटला असं नाही

"भाऊ, गळाला लागलेला मासा फोटो काढून परत पाण्यात सोडला, तर त्यात गुन्हा कुठे आला?" हा प्रश्न मला या उन्हाळ्यात किमान दहा जणांनी विचारलाय. विचारणारे सगळे आपलेच नागपूरचे. नोकरीधंदा सांभाळून रविवारी गळ घेऊन निघणारी, एरवी अगदी सरळ माणसं. त्यात आता नवीन फॅड आलंय. गुलेलीतून बाण मारून मासा टिपायचा, किंवा ऑनलाइन मागवलेली स्पिअरगन घेऊन पाण्यात उतरायचं. रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. म्हणून एकदा सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, पण अर्धवट वाचून भांडायला येऊ नका.

आधी कायद्याचं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा. आपल्याकडे लोकांना वाटतं हा कायदा वाघ, बिबट, हरणांपुरता आहे. सुरुवातीला 'प्राणी' या शब्दाच्या व्याख्येत मासे खरंच नव्हते. २००२ च्या दुरुस्तीने ते आले. आणि 'शिकार' म्हणजे फक्त ठार मारणं नाही. पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं, तसा नुसता प्रयत्न करणं, हे सगळं त्या व्याख्येत बसतं. त्यामुळे 'पकडला आणि सोडला' यातलं 'पकडला' तिथेच अडकतं.

आता तुम्ही म्हणाल, की शिकारबंदी ही कायद्याच्या अनुसूचीतल्या प्राण्यांना आहे, आणि रोहू, कतला, मरळ काही त्या यादीत नाहीत. बरोबर आहे. २००१ साली व्हेल शार्क हा कायद्याने संरक्षण मिळालेला देशातला पहिला मासा ठरला. त्याच वर्षी शार्क-पाकटांच्या काही जाती, समुद्री घोडे आणि महाकाय गोब्रा यादीत आले. हा गोब्रा लक्षात ठेवा. तारकर्ली-मालवणला स्कुबा करायला जाणाऱ्यांपैकी कुणाच्या हातात उद्या स्पिअरगन आली, तर सगळ्यात सोपं लक्ष्य हाच मासा आहे. अंगाने अवाढव्य, संथ, एकच कपार धरून राहणारा. त्याला मारणं म्हणजे कायद्याच्या भाषेत अनुसूची एकच्या प्राण्याची शिकार. शिक्षा तीन ते सात वर्षं, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार. 'मला जात ओळखू आली नाही' ही सबब मला तरी पटत नाही. जो मासा ओळखता येत नाही, त्याच्यावर भाला सोडायचाच कशाला?

पण आपला खरा विषय समुद्र नाही, पेंच आहे. इथे यादीचा मुद्दाच गळून पडतो. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्याच्या हद्दीत कायदा 'वन्यजीव' हा व्यापक शब्द वापरतो. त्या अधिवासाचा भाग असलेला कोणताही प्राणी त्यात येतो. म्हणजे तोतलाडोहच्या जलाशयात उद्यानाच्या हद्दीतला साधा रोहूसुद्धा संरक्षित. तोच रोहू हद्दीबाहेरच्या एखाद्या तलावात असेल तर बाजारातला मासा. पेंचला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९७५ चा, व्याघ्र प्रकल्प १९९९ चा. नियम काही काल आलेला नाही.

अजून एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. या कायद्यात 'शस्त्र' या शब्दाची व्याख्या आहे. त्यात बंदूक आणि विष यांच्या ओळीत गळ आणि जाळं ही नावंसुद्धा आहेत, शिवाय प्राण्याला इजा करू शकेल असं कोणतंही साधन. परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात किंवा उद्यानात शिरणं हाच स्वतंत्र गुन्हा. म्हणजे मासा लागो न लागो, गाडीच्या डिकीतला गळ घेऊन तुम्ही आत गेलात की तिथेच फसलात. गाडीही जप्त होऊ शकते. स्पिअरगनबद्दल तर वेगळं सांगायलाच नको.

इथपर्यंत वाचून काही जण खूश होतील, की बरं झालं, या मासेमारांना धरलंच पाहिजे. जरा थांबा.

तोतलाडोहच्या पाण्यात हौशी लोक आत्ता आले. त्याआधी जे होते त्यांची नदीच पाण्याखाली गेली. धरण झालं, गावं उठली, वर उद्यान आलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या पेंच नदीत मासे धरणारा माणूस एका रात्रीत चोर ठरला. जलाशयाचा बराच भाग मध्य प्रदेशात आहे. तिथल्या सरकारने उद्यानातून उठवलेल्या आदिवासी कुटुंबांना मासेमारीचे ३०५ परवाने दिले, आणि त्याविरुद्धचं प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९७ च्या निकालात न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. अटी घातल्या. फोटोचं ओळखपत्र, परवाना दुसऱ्याला देता येणार नाही, काठावर चूल पेटवायची नाही, बेटांवर उतरायचं नाही, किती मासे काढले याची रोजची नोंद. जंगल वाचलं पाहिजे आणि पोट असलेल्या माणसाचाही विचार झाला पाहिजे, अशी ती कसरत होती. पुढे मासेमार आणि वनखात्यात किती वर्षं संघर्ष झाला, हे रामटेक-पारशिवनीकडच्या लोकांना मी सांगायची गरज नाही.

माझं म्हणणं इथे आहे. ज्याच्या पोटाचा प्रश्न होता त्याला आपण एवढ्या अटी लावल्या, आणि नाही पाळल्या तर पकडलं. मग एक लाखाचं सामान घेऊन, रीलसाठी भाला मारणाऱ्याला 'अरे, हौस आहे बिचाऱ्याची' म्हणून का सोडायचं? गाभा क्षेत्रात हौसेची मासेमारी कुठल्याच स्वरूपात नको. ना गळ, ना गुलेल, ना स्पिअरगन. कर्नाटकात कावेरी अभयारण्यात महाशीर माशासाठी गळाचे नावाजलेले कॅम्प होते. पकडून सोडण्याचीच पद्धत होती, परदेशातून लोक यायचे. तेही बंद झाले. तिथल्या गळवाल्यांचं एक म्हणणं मात्र मी खोडणार नाही. आम्ही काठावर असायचो म्हणून सुरुंग लावणारे यायला घाबरायचे, असं ते सांगत. त्यात तथ्य आहे. पण राखण करायला गळच हातात हवा असं नाही.

हद्दीबाहेरचं काय? तिथेही रान मोकळं नाही. विष टाकणं आणि स्फोटकं वापरणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. आणि गावोगावचे तलाव 'सरकारी' दिसत असले तरी बहुतेक ठिकाणी मासेमारीचा हक्क सहकारी संस्थेने ठेक्याने घेतलेला असतो. ढिवर बांधव पैसे भरतात, बोटुकली आणून सोडतात, वर्षभर राखतात. तुम्ही रविवारी जाऊन चार किलोचा कतला उचलता तेव्हा तो कुणाचा तरी माल असतो. आपण त्याला छंद म्हणतो, संस्थेच्या वहीत तो तोटा असतो.

गळ आणि भाला यातही फरक करायला हवा. गळाचा मासा निदान सोडता तरी येतो, लहान असेल, अंड्यावर असेल तर. भाला लागलेला मासा मेलाच. आणि आपल्याकडच्या पावसाळी गढूळ पाण्यात कोणता मासा दिसतो? मरळ. तिला हवा घ्यायला वर यावंच लागतं. पावसाळ्यात तिची लालसर पिल्लं झुबक्याने पाण्यावर फिरतात आणि आईबाप खाली राखण करत असतात. गुलेलवाल्यांची युक्ती हीच, झुबका दिसला की त्याखाली नेम धरायचा. राखणारा मासा गेला की दुसरे मासे पिल्लं फस्त करतात. एका बाणात अख्खी वीण गेली. मरळ कायद्याच्या यादीत नाही, म्हणून हे कायदेशीर! यादीत नाव नसणं आणि मासा भरपूर असणं, या दोन गोष्टी एक नाहीत हो.

आपल्या लोकांना हे कळत नव्हतं असंही नाही. महाडजवळ वाळण कोंडीला काळ नदीच्या डोहात वरदायिनी देवीचे मासे आहेत, महाशीर. कुणी हात लावत नाही, ना फलक, ना रक्षक. इकडे राज्य सरकारने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या सागरी माशांसाठी किमान आकार ठरवला. चांगलंच केलं. पण गोड्या पाण्यातल्या आमच्या मरळ-वामीकडे कुणी पाहायचं? विदर्भाला समुद्र नाही म्हणून मासेच नाहीत की काय?

मत्स्यव्यवसाय विभागाने गोड्या पाण्यात भाला, बाण, स्पिअरगन यांवर सरळ बंदी घालावी. गळाच्या हौशी लोकांना परवाना द्यावा, शुल्क घ्यावं, आणि तो पैसा ज्या संस्थेचा तलाव तिलाच मिळावा. विणीच्या महिन्यांत हौस बंद. परवाना आला की खाबुगिरी येईल असं माझे काही मित्र म्हणतात. येईलही. पण आज काठावर कोण उभा आहे, त्याला हक्क आहे की नाही, हे राखणदार पोराला विचारताही येत नाही, कारण समोरचा गाडीतून उतरलेला असतो.

आणि वनविभागाकडे एक साधी मागणी. जलाशयात हद्द दिसत नाही. पाणी चढलं-उतरलं की काठ सरकतो. जिथे हद्द पाण्यातून जाते तिथे तरंगत्या खुणा लावा, काठावर मराठीत ठळक फलक लावा की इथून पुढे गळ हेही शस्त्र आहे. नवेगाव खैरीपासून सुरुवात करा, नागपूरचं पिण्याचं पाणी तिथूनच येतं, तेवढी आस्था तरी असावी. हे पावसाळ्याआधी व्हावं, कारण मरळीचे झुबके त्यानंतर लगेच दिसायला लागतील.

तोवर अशी रील दिसली तर मला फॉरवर्ड करू नका, त्या माणसाला शिव्याही देत बसू नका. जागा ओळखू येत असेल तर वनविभागाच्या १९२६ या नंबरवर कळवा. आणि तलाव संस्थेचा असेल तर आधी त्यांना सांगा. त्यांचा मासा आहे तो.