ओलीचे सल्लागार
आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या तळघरात कुबट वास सुटला, आणि बाहेर सल्ल्यांचा पाऊस पडू लागला. नानांनी डांबराच्या गोळ्या आणल्या, मामींनी धूप घातला. झालं काय, तर बुरशीला मंगलकार्याचा वास येऊ लागला! रंगाऱ्याने ओल्या भिंतीवरच ऑइलपेंट फासला. दोन महिन्यांत तोही पोपड्यांसकट खाली.

पण सर्वांत घातकी सल्ला, "हवा खेळू द्या हो!" ऐन श्रावणात? बाहेरची दमट हवा आतल्या थंड भिंतीला लागली की तिचं पाणी होतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तसं.

अहो, वासाने कुणाचं काय घोडं मारलंय? गुन्हेगार पाणी! पागोळ्या जोत्याशी साचत होत्या आणि तेल वातीत चढावं तसं ते पाणी विटांतून वर चढत होतं. शेवटी पन्हळ बसवली, अंगणाचा उतार फिरवला, झरोके पावसाळाभर बंद ठेवून दिवाळीनंतर उघडले. भिंत वाळायला होळी उजाडली.

नाना अजून सांगतात, गुण गोळ्यांनीच आला.