मनाचे घाव पुराव्यात धरायचे की नाही?

२०१७ च्या ऑगस्टमध्ये म्यानमारच्या रखाईन प्रांतात लष्कराने कारवाई सुरू केली. सात लाखांहून अधिक रोहिंग्या जीव मुठीत धरून बांगलादेशात आले. डोळ्यांदेखत घर जळालेल्या माणसाला अधिकारी तारीख-वेळ विचारतो. तो अडखळतो, आणि शेरा पडतो : जबाबात विसंगती.

आपल्या घरात एखादी मयत झाली तरी चार दिवस वार आठवत नाही. मग या माणसाचं अडखळणं म्हणजे खोटेपणा कसा?

छळाची तपासणी कशी करावी हे संयुक्त राष्ट्रांचा 'इस्तंबूल प्रोटोकॉल' सांगतो. त्यात मनावरचे घावही पुरावा आहेत. १९५१ च्या निर्वासित करारातही एक मुभा आहे : मायदेशी परिस्थिती सुधारली, तरी पूर्वीच्या छळामुळे परतणं असह्य असेल, तर निर्वासित दर्जा काढू नये.

भारताने या करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. १९९६ साली चकमा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, कलम २१ चं संरक्षण परक्यांनाही आहे. पण एप्रिल २०२१ मध्ये जम्मूतील रोहिंग्यांची पाठवणी रोखायला याच कोर्टाने नकार दिला. रीतसर प्रक्रिया पाळा, एवढंच बजावलं.

आमचा प्रश्न त्या प्रक्रियेबद्दलच आहे. पाठवणीआधी मानसोपचार डॉक्टरांची तपासणी आणि दुभाषी सक्तीचा करा, आणि तेही कायद्यात लिहून. नाहीतर मजलूम माणसाचा जीव अधिकाऱ्याच्या मर्जीवरच टांगलेला राहील.